खरी केबिन कुठली? माणदेशातल्या एका जुन्या गाडीवरून



संयोजकांनी या वेळचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "ट्रकची केबिन." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "सर, मागच्या वेळी आपण प्रमाणशास्त्रावर बोलला होतात." मी म्हटलं, या वेळीही जवळपास तेच आहे. फक्त हाताला थोडं ग्रीस लागेल. (हशा)

झालं असं. गेल्या थंडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला माण तालुक्यातल्या त्याच्या गावी नेलं. दहिवडीहून म्हसवडला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की त्याचं गाव. वाड्यामागच्या गोठ्यात त्याच्या आजोबांची गाडी होती. पन्नासच्या दशकातली डॉजची छोटी मालगाडी, आज आपण जिला पिकअप म्हणतो ती. तीसेक वर्षं पडून होती. या पोराने मनावर घेतलं आणि ती पुन्हा उभी करायला काढली. इंजिन झालं, ब्रेक झाले, चॅसी घासून रंगवून झाली. आता राहिली होती केबिन बसवायची. आणि भांडण तिथेच होतं, कारण केबिनी दोन होत्या.

एक लाकडी. आजोबांनी गाडी घेतली तेव्हा मुंबईहून फक्त चॅसी, इंजिन आणि पुढचं तोंड एवढंच आलं होतं. केबिन आणि मागचा हौदा गावातल्या सुताराने बांधला. ती केबिन भिंतीला टेकवून ठेवलेली होती, एका बाजूला वाळवीने खाल्लेली. दुसरी केबिन लोखंडी. विद्यार्थ्याने दुसऱ्या राज्यातल्या एका भंगारवाल्याकडून शोधून आणलेली, त्याच कंपनीची, त्याच काळातली, पत्रा ठोकून सरळ केलेली. त्याचं म्हणणं होतं की गाडी मूळ रूपात आणायची तर हीच बसली पाहिजे. काम करणारे मिस्त्री सत्तरीचे, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "ती दुसऱ्या गाडीची हाय. हिची ही."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, म्हणजे खरं-खोटं ठरवायचा अधिकार माझा, अशी लोकांची समजूत असते. मीही लगेच सांगून टाकलं, "कंपनीने जशी काढली तशी. लोखंडी." आज मी तुम्हाला हे सांगायला उभा आहे की मी चुकलो होतो. आणि ते मला केबिन बसवताना पाहूनच कळलं. म्हणून आधी केबिन बसवतात कशी, ते बघू.

चॅसी म्हणजे काय? एक आडवी ठेवलेली शिडी. दोन लांब पट्ट्या आणि मध्ये पायऱ्यांसारखे आडवे तुकडे. आपल्याला वाटतं की चॅसी जितकी घट्ट, न हलणारी, तितकी चांगली. तसं नाही. मालगाडीची चॅसी थोडी पिळली जावी अशीच केलेली असते. पुढचं उजवं चाक दगडावर चढलं आणि मागचं डावं खड्ड्यात गेलं, की शिडीला पीळ बसतो. तो तिने सोसला नाही तर एक चाक हवेत राहील किंवा चॅसीला तडा जाईल. माणमधल्या रस्त्यांवर, ओढ्याच्या पात्रातून, हा पीळ दिवसातून शंभर वेळा बसतो.

आता या पिळणाऱ्या शिडीवर ठेवायची एक पेटी, जिला पीळ चालत नाही. तिला दारं आहेत, समोर काच आहे. केबिन थेट बोल्टने आवळून टाकली, तर पहिल्या ओढ्यात दार अडकेल, दुसऱ्यात काच तडकेल, तिसऱ्यात जोड फाटतील. म्हणून केबिन आणि चॅसी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या घालतात. बोल्ट त्या रबरातून जातो. केबिन चॅसीवर बसलेली असते, पण चॅसीला चिकटलेली नसते.

मिस्त्रींचं काम मी दिवसभर पाहिलं. त्यांनी आधी चॅसी सपाट जागी टेकूंवर घेतली आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे आले म्हणजे शिडी तिरकी झालेली नाही. मग केबिनच्या पुढच्या भिंतीवर, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पडद्यावर, जे जे बसवायचं ते खालीच बसवून घेतलं, कारण वर गेल्यावर तिथे हात पोचत नाही. केबिन चेनकप्पीने उचलली. एक माणूस स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, एक क्लचच्या जोडापाशी, दोघं कोपऱ्यांना. ती बोटभर बोटभर खाली आली. सगळे बोल्ट नुसते अडकवले, एकही आवळला नाही. मग दारं लावली. डावं दार वर जास्त फट दाखवत होतं, खाली घासत होतं. मिस्त्रींनी दाराला हात लावला नाही. त्यांनी केबिनच्या एका पायाखाली पत्र्याची पातळ चकती सरकवली, आणि दार आपोआप सरळ झालं. दाराचा दोष पायात असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी बोल्ट. एक आवळायचा तो अर्धाच, मग त्याच्या कर्णातला समोरचा, मग उरलेले, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा विद्यार्थी जोर लावून पान्हा फिरवायला लागला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "लई आवळू नगा. रबर मेलं की केबिन मेली." 

आता तुम्ही विचाराल, त्यांनी बसवली ती केबिन कुठली? तिथे येतो. त्याआधी हा प्रश्न मुळात निर्माण का झाला, ते बघावं लागेल. केबिन आणि चॅसी वेगळ्या का?

इतिहास असा आहे. मालमोटारीच्या जन्मापासूनच ती अर्धी विकली जात होती. फोर्डने 1917 साली आपला पहिला एक टनी ट्रक, मॉडेल टीटी, काढला तो चॅसी म्हणून. वर काय बांधायचं ते घेणाऱ्याने ठरवावं. कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली फोर्डची पिकअप आली ती 1925 साली, 281 डॉलरला. म्हणजे अमेरिकेतसुद्धा सुरुवातीला शेतकऱ्याच्या गाडीची केबिन गावातला सुतारच बांधत होता. पुढे तिकडे लोखंडी केबिन कारखान्यात गेली. आपल्याकडे मात्र ती गेली नाही.

का? पहिलं कारण जहाजाचं. जहाजावर माल वजनाइतकाच जागेवरही मोजतात, आणि केबिन म्हणजे बहुतांश हवा. हवा समुद्रापलीकडून आणायची कशाला? जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि 1947 पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, फार्गो वगैरे गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. जुनी माणसं त्यांना अजून "डिस्पोजलच्या गाड्या" म्हणतात. त्याही घेणाऱ्याने आपापल्या सोयीने बदलून घेतल्या.

दुसरं कारण आपलं इथलं. 1954 साली टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार 1969 पर्यंत चालला, म्हणून आपल्या लहानपणी टाटाच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा दिसायचा. हे ट्रकही मोठ्या संख्येने विकले जात ते केबिनशिवाय. इंजिन, बॉनेट, समोरचा पडदा आणि मागे उघडी शिडी. कारखान्यातून ही शिडी घेऊन निघालेले ड्रायव्हर तुमच्यापैकी काहींनी हायवेवर पाहिले असतील. तात्पुरत्या सीटवर बसलेला माणूस, डोक्याला टॉवेल, डोळ्यांना गॉगल, वरती आभाळ. असे दहा-पंधरा जण रांगेने शेकडो मैल जायचे. आपली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली, तिच्या त्या पहिल्या गाडीची बॉडीही लाकडीच होती आणि आसनं काथ्याची.

म्हणजे बघा, शिडी जमशेदपूरची किंवा कुर्ल्याची, आणि केबिन गावाची. जिथे शिडी आणि केबिन भेटतात तिथे कारखाना संपतो आणि सुतार सुरू होतो.

आता माणकडे या. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि माणला पाचशेच्या आसपास, तोही येईल तेव्हा. तालुक्यातून रेल्वे जात नाही. मेंढ्या, लोकर, घोंगडी, कांदा, ज्वारी, सगळं चाकावरच बाहेर जायचं. इथल्या खिलार बैलांची आणि बैलगाडीची कीर्ती उगीच नाही. त्या बैलगाडीचा सुतार म्हणजे साधा कारागीर नव्हे. बाभळीचा तुंबा, त्यात आरे, त्यावर लाकडाचे तुकडे जोडून केलेला गोल, आणि वर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव. गरम धाव चढवून पाणी ओतलं की ती आवळते आणि सगळं चाक एकजीव होतं. पण हाच सुतार साटीचे सांधे अगदी घट्ट करत नाही. त्याला माहीत असतं की गाडी ओढ्यातून जाणार, तिला थोडं कुरकुरू दिलं पाहिजे.

या माणसाच्या हाती कुणीतरी मोटारीची शिडी आणून दिली तेव्हा त्याने काय केलं असेल? त्याने तिच्याकडे बैलगाडीसारखंच पाहिलं. मी त्या लाकडी केबिनचे सांधे नीट बघितले. कोपऱ्यात खिळे नाहीत, लाकडात लाकूड अडकवलेलं. खालच्या आडव्या तुळया बाभळीच्या. आणि चॅसीवर जिथे ती टेकत होती तिथे जुन्या टायरचे कापलेले तुकडे! कंपनीच्या पुस्तकात रबराच्या चकत्या सांगितलेल्या असतात, हे त्याने वाचलेलं नव्हतं. शिडी पिळते आणि पेटीला पीळ चालत नाही, हे त्याला बैलगाडीने शिकवलं होतं.

इथे मला माझा धडा मिळाला. मी जिला मूळ रूप म्हणत होतो, ती लोखंडी केबिन या गाडीवर कधी बसलेलीच नव्हती. एक दिवससुद्धा नाही.

आता थोडं तत्त्वज्ञान, नाहीतर माझं मानधन परत मागाल. (हशा) ग्रीक परंपरेत थीसियसच्या जहाजाचा प्रश्न आहे. एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का? हॉब्जने 1655 मध्ये त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? पण आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, भिक्खू नागसेनाकडे येतो. नागसेन विचारतो, महाराज, चालत आलात की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? आणि त्या यादीत एक शब्द आहे, रथपंजर. म्हणजे रथाचा सांगाडा, आपल्या भाषेत बॉडी. राजा प्रत्येकाला "नाही" म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की हे सगळे भाग जुळून आले की त्याला "रथ" हे व्यवहारातलं नाव पडतं.

हा उतारा मी तीस वर्षं शिकवला. विद्यार्थ्यांना सांगायचो, वस्तूला गाभा नसतो, असते ती जुळणी. पण ती जुळणी करतं कोण, हा प्रश्न मी कधी वर्गात विचारला नाही. म्हसवडला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो. तो लाकडी रथ दोर लावून माणसं ओढतात. त्या रथाचा एखादा भाग बदलला म्हणून तो दुसऱ्याचा रथ झाला, असं म्हसवडमध्ये कुणी म्हणणार नाही. पण कुठल्या तरी राजवाड्यातला त्याच मापाचा, जास्त जुना, जास्त सुबक रथ आणून उभा केला, तर? तो सिद्धनाथाचा रथ होईल का? नाही होणार. भाग बदलले तरी रथ राहतो, कारण ज्यांनी जुळणी केली आणि ज्यांनी ओढला त्यांच्याशी त्याचा धागा तुटलेला नसतो.

दगडी वास्तूंच्या बाबतीत हे जगाने मान्य केलं आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेचं सांगणं आहे की वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली सार्थ भर जपली पाहिजे, सगळं एकाच शैलीत आणणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने 2012 मध्ये त्याच वाटेवर ट्युरिन सनद केली.

आपल्याकडे मात्र नियम काय म्हणतो? 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल न केलेली. वेगळी नंबर प्लेट, नोंदणीला वीस हजार रुपये. चांगली गोष्ट आहे. पण ती नोंदणी दुचाकींना आणि माणसं नेणाऱ्या मोटारींना आहे. माल वाहणाऱ्या गाड्या त्या व्याख्येत नाहीत. म्हणजे संस्थानिकांची मोटार हा वारसा, आणि ज्या गाडीने एका तालुक्याचा कांदा वाहिला ती भंगार. समजा उद्या मालगाडी व्याख्येत आली, तरी "मूळ रूप" ही अट तिला मारेल. कारण तिचं मूळ रूप म्हणजे एक उघडी शिडी! तिच्यावर इथल्या माणसाने जे बांधलं, आणि पुढे पेट्रोलचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवणं तर सर्रास चाले, ते सगळं नियमाच्या दृष्टीने बिघाड.

गैरसमज नको. गावठी केबिनींचं मी उगाच कौतुक करत नाही. अपघातात त्यांनी माणसं वाचवली नाहीत. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. आज केबिनच्या सुरक्षेचे नियम आहेत, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं केलं आहे. ड्रायव्हरच्या दृष्टीने हे फार उशिरा झालेलं चांगलं काम आहे. नवी गाडी तशीच हवी. मी बोलतोय ते जुनी गाडी आठवण म्हणून जपताना काय जपायचं, याबद्दल.

आता गोठ्यात परत जाऊ. मी निकाल देऊन बसलो होतो: लोखंडी. ती केबिन साखळीला लावण्याची तयारी चालली होती. तेवढ्यात विद्यार्थ्याची आजी बाहेर आली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिने लोखंडी केबिनकडे पाहिलं, मग भिंतीकडच्या लाकडी केबिनपाशी गेली आणि आत हात घालून दाराच्या वर काहीतरी चाचपलं. तिथे एक लाकडी खुंटी होती. म्हणाली, "हितं मी झोळी बांधली हुती."

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. पोर तापाने फणफणलं. नवऱ्याने गाडीत पाण्याची पिंपं भरलेली, ती उतरवायला वेळ नव्हता. ती केबिनमध्ये बसली, खुंटीला झोळी बांधली आणि पोराला दहिवडीला डॉक्टरकडे नेलं. ते पोर म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे वडील. तिथे उभेच होते ते, साठीकडे झुकलेले. त्यांनाही ही गोष्ट माहीत नव्हती.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी साखळी सोडली आणि लाकडी केबिनकडे गेले. वाळवी लागलेला भाग त्यांनी कापला, तिथे नवी बाभूळ जोडली. नव्या लाकडाला जुन्यासारखा रंग देऊ का, असं विद्यार्थ्याने विचारलं तेव्हा मी या वेळी विचार करून बोललो. म्हटलं, नको. नवं ते नवं दिसू दे. पन्नास वर्षांनी कुणी बघेल त्याला कळलं पाहिजे की सुताराचं काम कुठे संपलं आणि मिस्त्रींचं कुठे सुरू झालं. म्हणून मघाशी मी वर्णन केलं ती बसवलेली केबिन लाकडी होती. फक्त टायरच्या तुकड्यांऐवजी खाली नवं रबर घातलं. जुने तुकडे आजीने ठेवून घेतले.

लोखंडी केबिन अजून तिथेच आहे. ती कुणाच्या तरी खऱ्या गाडीची आहे. त्या गाडीच्या शोधात माझा विद्यार्थी आता आहे, आणि मला वाटतं हेही जीर्णोद्धाराचंच काम आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या गावी अशी गाडी असेल. गोठ्यात, उसाच्या बांधाला, एखाद्या बंद गिरणीमागे. तिला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा. केबिनच्या पायाखाली बघा, कशावर टेकली आहे ते. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्यापाशी घेऊन या. हे काम लवकर करा. लोखंड थांबेल, माणसं थांबणार नाहीत.

एक प्रश्न आलाय, तेवढा घेतो. "ती गाडी चालू झाली का?" झाली. ओढ्यापर्यंत गेली आणि परत आली. केबिन सगळा रस्ता कुरकुरत होती. मी काळजीने मिस्त्रींकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "कुरकुरतीया म्हंजी धरलंय तिनं."